खडीच्या आईच्या मिशा

आमच्या गावच्या देवीला मिशा आहेत. नव्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि हसू आवरतो. माझं तोंड फटकळ आहे, हे सोयऱ्याधायऱ्यांत सगळ्यांना ठाऊक आहे. देवीची चेष्टा करायचा हक्क मला आहे, कारण तिच्यासाठी मी गावाशी भांडले आहे. ज्यांनी तिच्यासाठी कधी ऊनसुद्धा सोसलं नाही त्यांनी नारळ फोडावा, चहा प्यावा आणि गाडीला लागावं.

माझं माहेर कंधारचं. बस स्टँडजवळ वडिलांचं किराणा-भुसाराचं छोटं दुकान होतं. किल्ल्याच्या गावात वाढलेल्या माणसाला जुन्या दगडांचं अप्रूप राहत नाही असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. आमच्याकडे कोण्या एके काळच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडलेले आहेत. त्यातलं पाऊल एवढं मोठं, की आम्ही पोरी त्याच्या अंगठ्यावर बसून चिंचा खायचो. पाऊल एवढं तर मूर्ती केवढी असेल, असं एकमेकींना विचारायचो आणि मान वर करून आभाळात तिचं डोकं शोधायचो. वडील म्हणायचे, "दगड बोंबलत न्हाई म्हणून त्याला कुणीबी उचलून नेतंय. कुणी जोत्यात घालतंय, कुणी उंबऱ्यात." त्यांचं हे बोलणं मी रुखवताबरोबर सासरी आणलं असावं.

सासर लोह्याच्या आणि अहमदपूरच्या मधल्या माळावर. बाजाराला लोहा, दवाखान्याला नांदेड आणि सरकारी कामाला पार उस्मानाबाद, अशी आमची तीन दिशांना तोंडं. घरात तिघंच. मालक, सासू आणि मी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. सासू उंच, सडपातळ, आणि बोलायला अशी काटकसरी की शब्दाला जणू पदरचं तेल लागतं. मी तिला आत्याबाई म्हणायची. तिचं-माझं फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. मी जास्त बोलते असं तिला वाटायचं, ती कमी बोलते असं मला वाटायचं, आणि दोघींचंही बरोबर होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पटत नाही. एवढंच सांगते, की पोळ्याच्या आधीच मालक बैलजोडी घेऊन नांदेडकडे गोदावरीच्या काठाला निघून गेले. तिकडे चारा मिळेल अशी आशा होती. पोळा आला तेव्हा गोठ्यात बैल नव्हते. शिंगं रंगवायला आणलेला शेंदूर आणि शिंगांवर चिकटवायचा चकचकीत बेगड, दोन्ही पुड्या आढ्याला खोचून तशाच राहिल्या.

गोठ्यात राहिली एक तांबडी गाय. भाकड होती आणि म्हातारी, तिला बैलांबरोबर चालवलं नसतं. दिवाळीपर्यंत आम्ही तिला कसंबसं जगवलं. गोठ्याच्या छपराचं गवत उपसून घातलं. मग तेही संपलं. एका सकाळी आत्याबाईंनी तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, गळ्यातलं दावं सोडलं आणि म्हणाल्या, "जा माय. जिथं मिळंल तिथं खा." एवढं बोलून त्या पाठ फिरवून घरात गेल्या. गाय हलेना. मीच तिला वेशीपर्यंत हाकलत नेलं. वेशीबाहेर ती थोडी चालली, थांबली, आणि मान वळवून घराकडे बघत राहिली. मला ते बघवेना. मी दगड उचलला, फेकला नाही, आणि ती गेली. तिचं पुढं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यानंतर आम्ही दोघी दुष्काळी कामावर जायला लागलो. लोह्याच्या बाजूला रस्ता व्हायचा होता, त्यासाठी खडी फोडायची. एरवी ज्या बाया एकमेकींच्या सावलीला उभ्या राहिल्या नसत्या त्या एकाच ढिगाशी बसून हातोडा मारत होत्या. सगळ्यांची बोटं सारखीच ठेचत होती. दुष्काळानं केलेलं तेवढं एक बरं काम. फोडायचे दगड गावाबाहेरच्या टेकाडावरून येत. तिथं एक पडकं देऊळ होतं, म्हणजे कधीतरी होतं. आम्ही गेलो तेव्हा नुसतं टेकाड उरलं होतं. दगडांत मधूनच एखादं पान, एखादा हात, एखादी घुंगरांची माळ दिसायची, आणि दुपारपर्यंत तिची खडी होऊन जायची. आज त्या रस्त्यानं एसटी धडधडत जाते तेव्हा मी सीटला धरून बसते, आणि धक्क्यांचं मला काही वाटत नाही. खाली काय काय गाडलंय ते आठवत राहतं.

एके दिवशी आमच्या वाट्याला एक लांबट दगड आला, पालथा पडलेला. पाठीकडून साधाच, म्हणून कुणी हात लावला नव्हता. मी आणि शेजारच्या ढिगावरच्या दोघी-तिघींनी पहारी लावून तो उलटला आणि लिंबाच्या बुंध्याला टेकवून उभा केला. उभा केला की घाव नीट बसतो. मी मातीचा थर पदरानं पुसला. वरच्या अंगाला चंद्र-सूर्य होते. मध्ये हातात तलवार घेतलेली एक आकृती, चांगली हातभर उंच, पण धुळीनं आणि चुन्यानं तिचं तोंड भरून गेलेलं. आणि सगळ्यात खाली, पायाशी, गाईंची ओळ. लहान लहान गाई, एकीच्या मागे एक. शेवटची गाय मान वळवून मागे बघत होती.

माझ्या हातातला हातोडा तिथंच थांबला. मुद्दाम थांबवला असं नाही, तो उचलेचना. बाजूला आत्याबाई घाव घालत होत्या.

"कामून थांबलीस?" त्या म्हणाल्या.

"गाई हायेत ह्याच्यावर, आत्याबाई."

त्यांनी वाकून बघितलं, क्षणभरच, आणि परत आपल्या दगडाकडे वळल्या. तेवढ्यात मुकादम आला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता, आणि घाबरट माणूस वरच्याला भितो तेवढाच खालच्यावर ओरडतो.

"बाई, इथं काय देऊळ बांधून राहिलो का आपण? रस्ता बांधायचाय."

"मी हा दगड फोडणार न्हाई," मी म्हणाले. "दुसरा द्या."

"असं निवडून खायला काय लग्नाची पंगत हाय? उद्या सकाळी आल्या आल्या ह्याची खडी दिसली पायजे. न्हाईतर दुसऱ्याकडून फोडून घेतो, आन् तुमी दोघी उद्यापासून घरी बसा."

मी म्हणाले, बसते. माझा स्वभाव असा, की एकदा नाही म्हणाले की मागे फिरायची वाट मला सापडत नाही. पण घरी बसणं म्हणजे काय, हे त्या वर्षी पोराबाळांनाही कळत होतं. घरी येताना आत्याबाई माझ्यापुढे दहा पावलं चालत होत्या, आणि त्यांच्या नुसत्या पाठीवरूनच कळत होतं की आज माझी खैर नाही. घरी आल्यावर त्यांनी मला फैलावर घेतलंच. दगडाला जीव असतो का? खडी फोडायला गेलीस का मूर्त्या बघायला? कंधारच्या पोरी सगळ्या अशाच असतात का? मी उलट उत्तरं दिली. दोघी उपाशी पोटी भांडून झोपलो, आणि झोप कसली ती.

उजाडता उजाडता उठले तर आत्याबाई घरात नव्हत्या. चुलीपाशी करडीच्या तेलाची बाटली रिकामी, उपडी घातलेली. घरातलं शेवटचं तेल होतं ते. आढ्याकडे बघितलं तर तिथल्या पोळ्याच्या पुड्याही नव्हत्या. मी पदर खोचला आणि कामाच्या जागी पळत सुटले.

लिंबाखाली तो दगड लालभडक झाला होता. चंद्रापासून गाईंपर्यंत शेंदराचा थर, जाड, हातानं थापलेला. आकृती दिसेना, तलवार दिसेना, गाई दिसेनात. तोंडाच्या जागी बेगडाचे दोन डोळे चकाकत होते. आत्याबाई पुढ्यात उकिडव्या बसल्या होत्या, कोपरापर्यंत शेंदूर. मला बघून त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

सायकलीवरून मुकादम आला. बघितलं आणि उतरला. मग हळूच पायातल्या वहाणा काढल्या.

"हे काय, मावशी?"

"आई हाय. फोड आता," आत्याबाई म्हणाल्या.

"कोणती आई?"

"तू हातोडा मार, मंग सांगंल ती."

मुकादमानं हातोडा मारला नाही. त्यानं दोन्ही हात जोडले, कान पकडले आणि आमच्या ढिगाला दुसरा दगड लावून दिला. दुपारपर्यंत कामावरच्या सगळ्या बाया कुंकवाचं बोट लावून गेल्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्या दगडानं टाकीचे घाव पूर्वीच सोसले होते, हातोड्याचे तेवढे चुकवले. संध्याकाळी आम्ही रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी तिखट-मीठ लावून कोरडीच खाल्ली. मी तेलाचं विचारलं तर आत्याबाई म्हणाल्या, "तेलाचं काय घेऊन बसलीस? फोडणी द्यायला घरात काय हाय?"

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मालक परत आले, एकच बैल घेऊन. पाऊस खडीच्या आईनं पाडला हे गावानं ठरवून टाकलं. हो, नाव पडलं ते तेच. खडीची आई. पुढे तिची जत्रा भरू लागली, लोह्याहून फुगेवाले, भेळवाले यायला लागले. माहूरला रेणुकेला जाणारे लोक जाताना तिच्यापुढे थांबून जायला लागले. देवी मुकादमाच्या स्वप्नात आली, टेकाडातून आपसूक वर आली, तिच्यातून दूध निघालं, अशा कथा निघाल्या. देवीचा जन्म माझ्या डोळ्यांदेखत झालेला, आणि गावातल्या बाया मलाच तिची कथा ऐकवायच्या. मी मान डोलवायची. आत्याबाई तर तिच्या मोठ्या भक्तीण झाल्या. दर मंगळवारी शेंदूर, दर अमावास्येला नारळ. थरावर थर चढत गेले, आणि देवी अंगानं गरगरीत झाली.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहायची. त्या थराखाली गाई होत्या, हे मला माहीत होतं. आत्याबाईंनी त्या एकदाच, क्षणभरच बघितल्या होत्या. त्यांना आता काय आठवत असणार, असं मी समजून चालले. अधूनमधून मी दगडाच्या पायाशी बोट फिरवायची, पण जाड शेंदराखाली काही लागायचं नाही.

मग दहाएक वर्षांनी लातूर जिल्हा झाला. आम्ही जागचे हललो नाही, पण जिल्हा आमच्याजवळ आला. उस्मानाबादला एका कागदासाठी दोन मुक्काम करणारी माणसं त्या दिवशी गुलालात नाहून निघाली होती. मलाही आनंद झाला, खोटं का बोलू. पेढे मीही वाटले. पण नवा जिल्हा आला तसं नवं सिमेंटही आलं. आमचा सरपंच तरुण, उत्साही, आणि उत्साही माणसाच्या हातात सिमेंट पडलं की काय होतं हे महाराष्ट्रभर बघायला मिळतं. त्यानं जाहीर केलं, की खडीच्या आईला पक्कं देऊळ बांधायचं. फरशी, ऑइल पेंट, चांदीचे डोळे. जिल्ह्याच्या नकाशावर गाव आलं पाहिजे.

मी विचारलं, "आन् दगड?"

"त्याला कंबरेपर्यंत काँक्रीटमधी बसवू, वहिनी. म्हंजे चोराच्या बापाला हलायचा न्हाई."

कंबरेपर्यंत म्हणजे गाई गेल्या. एकदा काँक्रीट पडलं की त्या पुन्हा कुणाला दिसणार नव्हत्या. हातोड्यातून वाचवलेल्या गाई फरशीखाली पुरायच्या, आणि वर आरती करायची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरपंचाला सांगितलं की खाली कोरीव काम आहे. तो म्हणाला, देवीच्या पायाशी काय असतंय, वहिनी, पायच असत्यात. मी गुरवाला सांगितलं, त्यानं कानावर हात ठेवले. मालकांना सांगितलं, ते म्हणाले, आईला विचार. आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी शेंदूर कालवता कालवता एवढंच विचारलं, "पक्कं देऊळ व्हायलंय, तुला काय खुपतंय?" पालथ्या घड्यावर पाणी. मी तेव्हाच ठरवलं, की आता गावात बोलण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी मी लातूरची एसटी धरली, अहमदपूरला बदलली आणि जिल्ह्याच्या गावी पोचले. तोवर मी एकटीनं नांदेडच्या दवाखान्यापलीकडे प्रवास केला नव्हता. नवी कचेरी भाड्याच्या खोल्यांत होती. कपाटांना बांधलेल्या दोऱ्यासुद्धा अजून सोडल्या नव्हत्या. चार दारं फिरल्यावर एका खोलीत मला हवा तो माणूस भेटला. जिल्ह्यातल्या जुन्या मूर्ती, बारवा, शिलालेख यांची माहिती जमवायचं काम त्याच्याकडे दिलेलं होतं. वयानं लहान, चष्मा, आणि ऐकून घ्यायची सवय असलेला. सरकारी खुर्चीत अशी सवय मी तोवर पाहिली नव्हती. मी सगळं सांगितलं. गाईंपाशी आले तेव्हा तो पुढे सरकला.

"ताई, वर चंद्र-सूर्य आहेत? नक्की?"

"मी पदरानं पुसलेत."

"मग मी येतो. पण बघितल्याशिवाय काही बोलणार नाही."

गावात बातमी माझ्याआधी पोचली. गावच्याच बाईनं लातूरला जाऊन देवीची चुगली केली, आता सरकार आईला उचलून म्युझियममध्ये नेणार, अशी बोंब झाली. पाण्यावर बाया माझ्याकडे पाठ करायच्या. सरपंच घरी येऊन आत्याबाईंना म्हणाला, "मोठी आई, सुनेला आवरा." त्या दिवसापासून आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. आधीच कमी बोलणाऱ्या बाईनं बोलणं बंद केलं तर फार फरक पडू नये. पण पडतो. ताटात भाकरी टाकताना त्या माझ्याकडे बघत नसत. तरी मी मागे सरले नाही. सासू गेली तरी चालेल असं मी म्हणाले नसते. पण गाय गेलेली मी एकदा बघितली होती.

अधिकारी आला त्या दिवशी अख्खं गाव लिंबाखाली जमलं होतं. ओट्यासाठी खड्डा खणून तयार, सिमेंटच्या गोण्या एका बाजूला. त्यानं चपला काढल्या, नमस्कार केला आणि हळू आवाजात सांगितलं, की हा दगड फार जुना असावा. असला तर त्याला सिमेंटमध्ये पुरता येणार नाही. गावाची इच्छा असेल तर लातूरला नीट ठेवू, नसेल तर इथंच राहू द्या. पण आधी खालचा भाग बघायला हवा.

"म्हंजे शेंदूर काढायचा?" गुरव म्हणाला. "काढा की. ज्याचा हात झडायचा त्याचा झडंल."

कुणी पुढे होईना. सरपंच म्हणाला, झालं तर मग, उद्या काँक्रीट टाकू. मी पदर खोचला आणि पुढे झाले. मागून आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी मालकांना म्हणालं, बायकोला धर. मी दगडाला हात लावणार एवढ्यात मागून एक काठी माझ्या दंडाला लागली.

"सरक," आत्याबाई म्हणाल्या.

एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाटी. वाटीत कोमट केलेलं करडीचं तेल. लोकांनी वाट दिली. त्या दगडापुढे बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी लावला, मी काढते. हात झडला तर म्हातारीचा झडंल. लई वापरून झालाय."

त्यांनी शेंदराच्या कडेनं तेल सोडलं, थांबल्या, परत सोडलं. आम्ही सगळे उन्हात उभे. तेल मुरलं तसा थर फुगला आणि मग एकेक खपली वीतभर रुंद सुटून आली. त्या खपल्या आत्याबाई पदरात घेत होत्या, खाली पडू देत नव्हत्या. आधी चंद्र-सूर्य आले, मग खांदा, तलवार, आणि मग तोंड. तोंडावर वर वळवलेल्या झुबकेदार मिशा.

बायांच्या घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. गुरवानं डोळे मिटले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हा तर बाप्या हाय."

"मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"लावला त्या दिसापासून. मिशा लागल्या की हाताला," त्या खपली सोडवत म्हणाल्या. "आंधळी हाय का मी?"

"मग आई कशाला म्हणालात?"

आत्याबाईंनी मान वर केली. माझ्याकडे नाही, सरपंचाकडे आणि त्याच्या मागच्या पुरुषांकडे बघितलं. "बाप्या म्हणलं असतं तर कोण, कुठला, कोणत्या जातीचा, समदं इचारलं असतं तुमी. आन् मग फोडला असता. आईला कोण जात इचारतंय?"

मुकादमाची आठवण येऊन मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. अधिकारी तोवर खाली बसून त्यांच्या हाताकडे बघत होता. शेवटची खपली निघाली आणि गाई उघड्या झाल्या. तेलानं काळ्याभोर, सगळ्या शाबूत. त्यानं मग गावाला सांगितलं. हा वीरगळ आहे. पूर्वी गावाच्या गाई पळवून न्यायला लोक यायचे. त्यांना अडवताना जो मरायचा त्याचा असा दगड गाव उभा करायचं, म्हणजे पुढच्यांनी त्याला विसरू नये. ह्याचं नाव दगडावर नाही. पण हा ह्याच शिवारातला कुणीतरी आहे, आणि गाईंपायी मेलेला आहे.

आत्याबाई ऐकत होत्या. मग त्यांनी तेलाचं बोट गाईंच्या ओळीवरून फिरवत नेलं आणि शेवटच्या गाईपाशी थांबवलं.

"ही बघ," त्या मला म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी माझ्याशी आपणहून, मायेनं बोललेला तो पहिला शब्द. "मान वळवून बघून राहिली."

मी त्यांच्याजवळ बसले. "तुम्ही तर तवा घरात गेला होता."

"वर माळवदावर चढले होते. तिथून बघत होते मी, पार दिसंनाशी होईस्तोवर." बोट त्या गाईच्या मानेवरून हललं नाही. "घरचीला वैरण देता आली न्हाई. हिला तरी हातोडा लागू नये म्हणलं."

मी सगळ्या गावापुढे हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. ज्या बाईला दगडात जीव दिसत नाही म्हणून मी तिच्याशी भांडले होते, तिनं घरातलं शेवटचं तेल त्याच गाईसाठी ओतलं होतं. आणि एवढी वर्षं गप्प राहून ती राखणीला बसली होती.

आत्याबाई काठी टेकून उठल्या. पदरातल्या खपल्या गुरवाच्या स्वाधीन केल्या, मन्याड नदीत सोडायला. मग सरपंचाला म्हणाल्या, "बाबा, ह्यो कुठं जायचा न्हाई. ओटा बांधायचा तर बांध, पर गाईच्या पायाखाली. त्यांच्या अंगावर चिमटीभर माती पडली तर मी हितं येऊन बसंन." सरपंचानं मान हलवली. त्यानं ओटा खालीच बांधला, आणि बरा बांधला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. अधिकारी फोटो काढून गेला, आणि जाताना आत्याबाईंच्या पाया पडून गेला.

लोक अजून तिला खडीची आईच म्हणतात. आई म्हणायची सवय मोडत नाही, आणि मोडावी असं मलाही वाटत नाही. जत्रेला बाया तिला साडी नेसवतात आणि पुरुष वरून फेटा बांधतात. दोघांचं समाधान होतं, आणि मिशा दोन्हींत शोभतात. पोळ्याला गावातली जनावरं मारुतीआधी इथं येतात. आत्याबाई आता नाहीत. शेंदूर कुणी लावत नाही. मी लावू देत नाही, आणि माझ्या तोंडाला लागायला कुणी धजत नाही. पण सुगीनंतर घरात करडीचं नवं तेल आलं, की मी वाटी घेऊन ओट्यावर जाते. पहिलं बोट मान वळवलेल्या गाईला लावते आणि मग घरी येऊन फोडणी टाकते.